वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन (जन्म: १५ मार्च १८६०, ओडेसा, रशियन साम्राज्य, मृत्यू: २६ ऑक्टोबर १९३०, लोझान, स्वित्झर्लंड) हे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. कॉलरा (पटकी) आणि प्लेग या दोन्ही रोगांवर माणसांना मोठ्या प्रमाणावर टोचता येईल अशी लस त्यांनी प्रथम तयार केली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने प्लेगच्या लशीमुळे परिचित आहे. वैद्यकीय उत्पादनांच्या गुणवत्तेच्या इतिहासात मात्र त्यांचे चरित्र आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. १९०२ साली पंजाबातील मलकवाल येथे त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका बाटलीतील लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष उत्पादकाचा की वापरणाऱ्याचा, या प्रश्नावर सरकारी चौकशी झाली आणि त्या वादात हाफकिन यांची उमेदीची काही वर्षे गेली.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. पुढे मेचनिकोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थिदशेत हाफकिन यांचा झारविरोधी क्रांतिकारक गटांशी संबंध आला आणि त्यांना अटकही झाली. १८८१ मध्ये ज्यूविरोधी दंगली उसळल्या, तेव्हा ज्यू वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये ते होते. त्या झटापटीत ते जखमी झाले होते.

रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केल्यास विद्यापीठात अध्यापक म्हणून नेमणूक मिळेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते नाकारले. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काही वर्षे काम केल्यावर १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हा येथे अल्पकाळ शरीरक्रियाशास्त्र शिकवून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तेथे त्या वेळी सहायक ग्रंथपालाची तेवढी जागा रिकामी होती, ती त्यांनी स्वीकारली. दिवसा ग्रंथालय सांभाळायचे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, असा त्यांचा क्रम होता.

कॉलऱ्यावरील लस

कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्याच्या उदरपोकळीत असे पुनःपुन्हा संक्रमित करून हाफकिन यांनी त्यांची तीव्रता वाढवली आणि ती स्थिर केली. उष्णतेच्या साहाय्याने सौम्य केलेले जंतू प्रथम आणि तीव्र केलेले नंतर, अशी दोन टोचण्यांची त्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली.

युरोपातील वैद्यकक्षेत्राने या कामाचे विशेष स्वागत केले नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या काळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल आणि आसाममध्ये हिंडून ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत १८९४ साली कॉलरा पसरला, तेव्हा तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत दहा जणांना रोग झाला व सात जण दगावले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांचे असे दोन गट मिळणे दुर्मीळ होते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची शेजारीशेजारी मोजदाद करण्याचा आग्रह हाफकिन यांनी पुढेही सोडला नाही. हिवतापाने खंगल्यामुळे १८९५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढच्याच वर्षी परतले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. मराठी वृत्तपत्रांतून ग्रंथिक सन्निपात या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या रोगाने काही महिन्यांतच शहर रिकामे होऊ लागले. पुण्यात मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा याच रोगाने मृत्यू झाला.

सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी काम सुरू केले. सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे सर्वसामान्य लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी दिसले.

प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारने घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण हे उपाय योजले होते. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. हाफकिन यांची लस ऐच्छिक होती आणि ती तशीच राहावी असे त्यांचे मत होते. लोकांचा विश्वास मिळवण्याच्या कामी तिसरे आगाखान यांचे साहाय्य मोलाचे ठरले. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली, हजारो खोजा अनुयायांना ती घ्यायला लावली आणि माझगाव येथील आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. १८९७ मध्येच हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील धर्मसंस्थेची होती. नंतर ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १९०१ मध्ये हाफकिन तेथील मुख्य संचालक होते आणि त्यांच्या हाताखाली पन्नासहून अधिक कर्मचारी होते.

परळ येथील उत्पादनपद्धती

हाफकिन यांची मूळ पद्धत संथ होती. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले जात. भारतातील लोकांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन त्यासाठी बोकडाचे मांस वापरले जाई. मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्यांना धरून जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली लोंबू लागत. ठरावीक दिवसांनी पात्र हलवले की ते तळाशी बसत आणि वर नवे पीक येई. असे सुमारे सहा आठवडे चाले. अशी वाढ हे प्लेगच्या जंतूंचे वैशिष्ट्य असल्याने पात्रात परका जंतू शिरला आहे काय, याचीही नुसत्या डोळ्यांनी बरीच कल्पना येई. त्यानंतर ६५ अंश सेल्सियस तापमानाला एक तास तापवून जंतू मारले जात, ०.५ टक्के कार्बॉलिक आम्ल मिसळले जाई आणि लस बाटल्यांत भरून सीलबंद केली जाई.

या पद्धतीच्या उणिवा त्या काळीही नोंदल्या गेल्या होत्या. प्रा. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने लशीची उपयुक्तता मान्य केली. मात्र मात्रेचे अचूक प्रमाणीकरण, लशीचे संपूर्ण निर्जंतुकीकरण आणि टोचण्याच्या पिचकारीची काटेकोर स्वच्छता या अटी पाळूनच लसीकरण वाढवावे, असेही सुचवले. लस आणि ती टोचण्याचे साधन या दोन्हींची शुद्धता एकाच शिफारशीत आली, हे पुढील घटनांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम आखली आणि परळकडे लक्षावधी मात्रांची मागणी आली. जुन्या पद्धतीने ती पुरी होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी तेव्हा दोन बदल केले. मांसरसाऐवजी आगर या घट्ट माध्यमावर जंतू वाढवून ते पाण्यात मिसळण्यास सुरुवात केली, त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आणि लशीत कार्बॉलिक आम्ल मिसळणे बंद केले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये निव्वळ उष्णतेने निर्जंतुक केलेली लस वापरात होती, हा त्यांचा आधार होता. शास्त्रीयदृष्ट्या हा निर्णय असमर्थनीय नव्हता. परंतु पॅरिसमधील प्रयोगशाळेत चालणारी पद्धत पंजाबातील खेड्यात, झाडाखाली मांडलेल्या टेबलावर कितपत सुरक्षित राहील, हा वेगळा प्रश्न होता. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू ६५ अंश तापमानाला मरत नाहीत. सौम्य कार्बॉलिक आम्लानेही ते मरत नाहीत, मात्र त्यांची वाढ रोखली जाते. आम्ल काढून टाकल्याने, बाटलीत बाहेरून काही शिरलेच तर ते रोखणारा शेवटचा अडसर दूर झाला.

मलकवालची दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवड्याभराने काही जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि अखेरीस १९ जण मरण पावले. या सर्वांना ५३-एन या एकाच क्रमांकाच्या बाटलीतील लस मिळाली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली परळ येथे ४१ दिवसांपूर्वी, नव्या पद्धतीने भरलेली होती.

बाटलीवर क्रमांक होता आणि कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले याची नोंद होती, म्हणूनच एवढा निष्कर्ष तरी काढता आला. लसीकरण तात्पुरते थांबले आणि पंजाबची मोहीम कोलमडली. त्या प्रांतात प्लेग त्यानंतरही अनेक वर्षे धुमाकूळ घालत होता. लशीवरील उडालेल्या विश्वासाची किंमत किती जणांनी जिवाने मोजली याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

भारत सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली मलकवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, दूषित झाली असावी असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक आम्ल वगळण्याचा निर्णयही हाफकिन यांच्या विरोधात गेला. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. परळची सूत्रे डब्ल्यू. बी. बॅनरमन यांच्याकडे आली. हाफकिन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी नव्हते, वैद्यकीय पदवीधर नव्हते आणि जन्माने ब्रिटिशही नव्हते. त्यांच्याविषयी सेवेतील अधिकाऱ्यांमध्ये असलेली अढी या प्रकरणात कितपत कारणीभूत ठरली, याविषयी चरित्रकारांत चर्चा आहे. काहींनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील द्रेफ्यूस प्रकरणाशी केली आहे.

पुराव्याची फेरतपासणी

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुराव्याची पुन्हा छाननी केली, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आचेवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी जंतुनाशक द्रावणात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला आणि त्यानेच ५३-एन या बाटलीचे बूच काढले गेले. जमिनीवरील मातीत धनुर्वाताचे बीजाणू सर्रास आढळतात.

आणखी दोन मुद्दे निर्णायक होते. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी तिचा वास घेऊन पाहिला होता आणि त्यांना दुर्गंधी जाणवली नव्हती. धनुर्वाताचे जंतू एखाद्या बंद बाटलीत ४१ दिवस वाढत राहिले असते, तर तीव्र दुर्गंधी येणे अपरिहार्य होते. दुसरे म्हणजे, अशा बाटलीत तोपर्यंत जंतुविष मोठ्या प्रमाणात साचले असते आणि लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती सुमारे आठवड्याने दिसली. ताजे बीजाणू शरीरात शिरून तेथे वाढले, तर एवढा काळ लागतो.

हे सर्व मुद्दे मूळ चौकशीच्या कागदपत्रांतच होते. ती कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाल्यावर प्रा. डब्ल्यू. जे. सिम्पसन आणि हिवतापाच्या प्रसाराचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगणारे पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर रॉस, सायमन फ्लेक्सनर आदी दहा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले. दुर्घटनेला तोवर पाच वर्षे झाली होती.

उत्तरायुष्य

परळचे पद भरलेले असल्याने हाफकिन यांना कलकत्त्याच्या जैविक प्रयोगशाळेचे संचालकपद मिळाले. तेथे लशींच्या प्रत्यक्ष चाचण्या घेण्याची मुभा त्यांना नव्हती आणि त्यांचे काम मुख्यतः सैद्धान्तिक संशोधनापुरते मर्यादित राहिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते फ्रान्सला परतले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात ज्यू धर्मपरंपरेकडे त्यांचा ओढा वाढला. १९१६ मध्ये सनातन ज्यू आचारधर्माचे समर्थन करणारा त्यांचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. १९२८ पासून ते लोझान येथे राहू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यासाठी स्थापन केलेल्या निधीला दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले होते. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले, तेव्हा हाफकिन हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईतून पाठवल्या गेल्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७०च्या दशकात संस्थेचा उत्पादन विभाग वेगळा करून महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन करण्यात आले. संशोधन आणि उत्पादन त्यामुळे दोन स्वतंत्र संस्थांकडे गेले. हाफकिन यांच्या काळी ही दोन्ही कामे, आणि तयार मालाची तपासणीही, एकाच छताखाली व एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

गुणवत्ता नियमनाच्या इतिहासातील स्थान

मलकवालच्या वर्षभर आधी, १९०१ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुइस येथे घटसर्पावरील दूषित प्रतिविषामुळे १३ मुले धनुर्वाताने मरण पावली होती. त्यानंतर १ जुलै १९०२ रोजी अमेरिकेत जैविक उत्पादनांच्या उत्पादकांना परवाना आणि तपासणी बंधनकारक करणारा कायदा झाला. भारतात मात्र मलकवालनंतर व्यक्तीची चौकशी झाली, कायदा झाला नाही. औषधांच्या उत्पादनाला परवाना लागू करणारा देशव्यापी कायदा येण्यास १९४० साल उजाडले. वैद्यकीय उपकरणांचे नियमन भारतात त्याच कायद्याच्या आधाराने टप्प्याटप्प्याने वाढत गेले. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांच्या पाचव्या अनुसूचीत उत्पादकाने पाळावयाच्या गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीचा तपशील आहे.

मलकवाल प्रकरणात निर्माण झालेले प्रश्न आजच्या पुरवठा करारांतील गुणवत्ताविषयक कलमांत जवळपास त्याच क्रमाने आढळतात. उत्पादनपद्धतीत बदल करण्यापूर्वी पुरवठादाराने खरेदीदाराला लेखी कळवून संमती घ्यावी, ही अट आता सर्वसामान्य आहे. परळहून पंजाबला गेलेली लस आता आम्लविरहित आहे आणि म्हणून बाटली उघडताना अधिक काळजी हवी, हे टोचणाऱ्याला वेगळे सांगणे अशा अटीमुळे भाग पडले असते. प्रत्येक बॅचच्या उत्पादनाची नोंद आणि राखून ठेवलेला नमुना यांमुळे दोष कारखान्यातला की बाहेरचा हे ठरवता येते. ५३-एन या बाटलीबाबत तो निर्णय वासाच्या आणि लक्षणांच्या काळाच्या आधारे, तोही उशिरा, करावा लागला. माल सीलबंद असेपर्यंत जबाबदारी उत्पादकाची आणि सील तुटल्यावर सूचनांनुसार वापर करण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची, ही विभागणीही आज करारातच लिहिलेली असते. जेंकिन्स आयोगापुढील वाद मुळात याच रेषेविषयी होता. मात्र ती रेषा आधी कोणी आखलेली नव्हती आणि आयोगाने ती दुर्घटनेनंतर आखली, तेव्हा ती चुकीच्या बाजूला पडली.